बाकी चित्रात दिसेलच

दिवाळीपूर्वीची साफसफाई हा आमच्या घरी दरवर्षी होणारा एक लहानसा उत्खननाचाच कार्यक्रम असतो. माळ्यावरून काय निघेल याचा नेम नसतो. एका वर्षी माझ्या मुंजीतला पळीपंचपात्राचा संच निघाला होता, आणि त्यातली पळी कोठे गेली यावर घरात दोन तट पडले होते. गेल्या वर्षी निघाली ती एक पत्र्याची पेटी. माझ्या नातीने ती खाली आणली, झटकली आणि उघडली. आत त्रेचाळीस चित्रकार्डे होती. कोलोनचे देऊळ, व्हेनिसचे कालवे, रोमचे भग्नावशेष, पॅरिसचा मनोरा, बर्फाच्या टोप्या घातलेली आल्प्सची शिखरे! सगळा युरोप खंड बिस्किटांच्या डब्याएवढ्या जागेत निमूटपणे बसला होता.

"आजोबा, एवढे सगळे तुम्ही हिंडलात?" नातीने विचारले. तिच्या स्वरात कौतुकापेक्षा अविश्वासच अधिक होता. तिचाही दोष नाही. पंच्याऐंशी उलटलेला जो म्हातारा कोपऱ्यावरून दूध आणायला निघाला तरी घरातले चारजण आडवे येतात, तो कधी काळी पाठीवर पिशवी टाकून आल्प्स ओलांडून गेला होता, हे कोणाला खरे वाटावे?

ती एकेक कार्ड उलटून वाचू लागली. वाचायला फारसे काही नव्हतेच. चार-पाच कार्डे झाल्यावर ती थांबली आणि म्हणाली, "पण आजोबा, प्रत्येक कार्डावर शेवटी एकच वाक्य कसे हो? 'बाकी चित्रात दिसेलच.' आणि हे कोपरे बघा. उंदरांनी कुरतडलेत वाटते."

"ते उंदरांचे काम नव्हे," मी म्हणालो. "सांगेन केव्हातरी."

ते 'केव्हातरी' तसेच राहून गेले. आता तीच शिकायला परदेशी गेली आहे, तेव्हा तिला सांगायचे ते तुम्हांलाच सांगतो.

आमचे अण्णा देवरूखच्या बाजूच्या एका खेड्यात मराठी शाळेत मास्तर होते. शाळा दोन खोल्यांची आणि मास्तरही दोनच. सगळे विषय शिकवावे लागत. पण अण्णांचा जीव होता भूगोलावर. फळ्यावर ते युरोपचा नकाशा एका दमात काढीत. खडू एकदा नॉर्वेच्या उत्तर टोकाशी टेकला, की डेन्मार्कला वळसा घालून, फ्रान्स-स्पेनचा किनारा धरून, इटलीचा बूट चढून-उतरून थेट काळ्या समुद्राशी पोचल्यावरच उचलला जाई. मग नद्या. ऱ्हाईन, ऱ्होन, डॅन्यूब! ही नावे ते अशा काही आपुलकीने उच्चारीत, की त्या नद्या आमच्या बावनदीच्या चुलतबहिणी असाव्यात असे आम्हा पोरांना वाटे. स्वतः अण्णा मात्र कोल्हापूरच्या पलीकडे कधी गेले नव्हते. "ज्याला नकाशा वाचता येतो त्याला तिकीट लागत नाही," असे ते म्हणत. तिकीट न परवडणाऱ्या माणसाने काढलेला तो तोडगा होता, हे मला फार उशिरा कळले.

१९६१च्या सप्टेंबरात मी यंत्रशास्त्र शिकण्यासाठी पश्चिम जर्मनीतल्या आखेन या गावी निघालो. जर्मनांनी दिलेल्या शिष्यवृत्तीचा आधार होता. अण्णा बॅलार्ड पिअरवर पोचवायला आले होते. महिन्यापूर्वीच, १३ ऑगस्टला, बर्लिन शहरात भिंत घालायला सुरुवात झाली होती. "तू पोचण्याआधीच नकाशात एक रेघ वाढली बघ," अण्णा म्हणाले. मग त्यांनी माझ्या हातात एक चिठ्ठी दिली. तीत एडन, तांबडा समुद्र, सुएझ, पोर्ट सैद, नेपल्स, जिनोआ असा माझा सगळा जलमार्ग क्रमवार लिहिला होता. जणू काही कप्तान वाट चुकला तर ती त्याला दाखवावी! बोट सुटताना ते हात हलवीत होते. पण मी उभा होतो त्याच्या बरेच डावीकडे बघून. गर्दीत मी त्यांना दिसत नसेन, असे मला वाटले.

आखेन हे जर्मनीचे अगदी पश्चिमेकडचे टोक. पलीकडे एका अंगाला बेल्जियम, दुसऱ्या अंगाला हॉलंड. शार्लमेन बादशहाने येथे राजधानी केली आणि ८१४ साली येथेच देह ठेवला. बादशहाला गावाची ओढ लागली ती तिथल्या उन्हाळ्यांमुळे, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांमुळे. गावाच्या मध्यावर खांबांची भव्य कमान उभारून त्या पाण्याचे कारंजे केले आहे. मी मोठ्या भक्तिभावाने जवळ गेलो, तो नाकात कुजक्या अंड्यांचा वास शिरला. क्षणभर डोळेच भरून आले. आमच्या आरवलीच्या कुंडांना अगदी हाच गंधकाचा वास! सातासमुद्रापलीकडे येऊन मला पहिला ओळखीचा माणूस भेटला तो असा.

बाकी ओळखीचे काही नव्हते. डिसेंबरात दुपारी साडेचारला दिवे लागत. खोलीतली शेगडी कोळसे खाई, आणि कोळसे माझे पैसे खात. त्या वेळी एका मार्काला जवळजवळ एक रुपया वीस पैसे पडत. मला प्रत्येक खर्चाचा मनातल्या मनात रुपयांत तर्जुमा करायची खोड लागली होती, आणि त्या तर्जुम्याने भूक आपोआप मरे. वर्गात प्राध्यापकांची वाक्ये सुरू होत, वळणे घेत, आणि क्रियापद यायच्या आत माझा धीर सुटे. तीन महिने मी रात्री पाव आणि बटाट्यांवर काढले. घरी मात्र दर पंधरवड्याला निळे हवाईपत्र जाई: 'तीर्थरूप अण्णांच्या चरणी साष्टांग नमस्कार विनंती विशेष. इकडील सर्व क्षेम. जेवणाची उत्तम सोय आहे.'

तिकडूनही तसेच निळे पत्र येई. 'चिरंजीवास अनेक आशीर्वाद. इकडील सर्व क्षेम.'

आमची घरमालकीण युद्धात विधवा झालेली होती. नवरा रशियाच्या आघाडीवर गेला तो परतला नाही. माझे पत्र आले की ती ते जिन्याच्या कठड्यावर नीट उभे करून ठेवी. एकदा तिने विचारले, "घरी सगळे ठीक?" मी म्हटले, "हो, तसे लिहिले आहे." ती हसली आणि म्हणाली, "माझ्या नवऱ्याच्या शेवटच्या पत्रातही तसेच लिहिले होते." बोलण्याच्या ओघात ती हे बोलून गेली आणि जिना पुसू लागली. त्या वेळी मी तेवीस वर्षांचा होतो. तेवीस वर्षांच्या माणसाला अशी वाक्ये ऐकू येतात, पण समजत नाहीत.

पहिले वर्ष निभावले, भाषा जिभेवर बसली, आणि १९६२च्या उन्हाळी सुट्टीत मला पाय फुटले. एका कारखान्यात सहा आठवडे काम करून पैसे जमवले, पाठीवर पिशवी बांधली आणि निघालो. मुक्काम युवक-वसतिगृहांत करायचा. ही वसतिगृहांची कल्पनाही एका शाळामास्तराचीच. रिखार्ड शिरमान याने १९१२ साली आल्टेनाच्या किल्ल्यात पहिले कायमचे वसतिगृह उघडले. प्रवास करायचा तो रस्त्याच्या कडेला अंगठा दाखवून. आपल्याकडे अंगठा दाखवला तर माणूस रागावतो. तिकडे मोटार थांबते! बटाट्यांच्या ट्रकमध्ये बसून मी म्यूनिक गाठले, एका पाद्र्याच्या मोटारीतून ब्रेनर खिंड ओलांडली, आणि कोंबड्यांच्या खुराड्यांशेजारी बसून व्हेनिसच्या वेशीवर उतरलो. वेशीवर अशासाठी, की आत चाकाला प्रवेशच नाही.

गावोगावी चित्रकार्डे मिळत. किती सोयीची वस्तू! एका अंगाला सुरेख रंगीत चित्र, दुसऱ्या अंगाला पत्ता आणि चार ओळींची जागा. दिवसभर हिंडून थकलेल्या माणसाला चार ओळीही पुष्कळ होतात. मी लिही, 'आज रोम पाहिले. फार भव्य आहे. प्रकृती उत्तम. बाकी चित्रात दिसेलच.' अण्णांना हे सारे पाहायला मिळते आहे, या कल्पनेने माझा मलाच अभिमान वाटे. मास्तरांनी जन्मभर फळ्यावर काढला तो मुलूख त्यांचा मुलगा रंगीत चित्रांतून घरपोच पाठवतो आहे! पितृऋणाचा एकेक हप्ता फेडल्यासारखे वाटून मी पोस्टाच्या पेटीत कार्ड टाकी.

येथे एक गोष्ट कबूल करायला हवी. ती लपवून ठेवली तर हा लेख लिहिण्यात काही अर्थ नाही.

मी निघण्यापूर्वी घरून एक पत्र आले होते. अक्षर नेहमीसारखेच, टपोरे आणि वळणदार. खालची सही मात्र चमत्कारिक होती. ती ओळीवर सुरू होऊन उतरणीला लागली होती आणि शेवटची वेलांटी अक्षर सोडून भलतीकडेच, कोऱ्या कागदावर उमटली होती. मी ती सही बराच वेळ पाहिली. मनात काहीतरी चुकचुकले. पण पिशवी भरून तयार होती, नकाशावर लाल पेन्सिलीने वाट आखून झाली होती. मी उलट टपाली लिहिले, 'अण्णांची सही हललेली दिसते. चष्म्याचा नंबर तपासून घ्यावा.' आणि इटलीला गेलो.

पुढे आणखी दीड वर्ष गेले. १९६४च्या वसंतात पदवी घेऊन मी बोटीने मुंबईला उतरलो. धक्क्यावर मामा आणि धाकटी बहीण आली होती. "अण्णा?" मी विचारले. "त्यांना एवढा प्रवास झेपत नाही," मामा म्हणाले, आणि सामान मोजू लागले. एस.टी.च्या प्रवासात कोणी फारसे बोलले नाही. संगमेश्वर मागे पडले तेव्हा बहिणीला रडू कोसळले.

अण्णा ओटीवर बसले होते. माझी पावले ओळखून ते उठले आणि म्हणाले, "आलास? ये. सावकाश ये, पायरीचा चिरा ढिला झाला आहे." त्यांचे तोंड माझ्याकडे नव्हते, अंगणातल्या फणसाकडे होते. मी पायांवर डोके ठेवले, तेव्हा त्यांनी माझे डोके, कान, खांदे चाचपून पाहिले. मग कोटाची बाही दोन बोटांत धरून म्हणाले, "लोकर चांगली आहे रे!"

काचबिंदू होता. मी निघालो त्या आधीपासूनच नजर कडांनी आत आत येत होती. एका वैद्याने मोतीबिंदू म्हणून सांगितले आणि 'पिकू द्या, मग काढू' असा सल्ला दिला. मोतीबिंदू पिकतो आणि काढता येतो. काचबिंदूने नेलेली दृष्टी परत येत नाही. मिरजेला दाखवीपर्यंत वेळ निघून गेली होती. १९६२च्या उन्हाळ्यात, मी अंगठा दाखवून युरोप हिंडत होतो तेव्हा, अण्णांना दिवस आहे की रात्र एवढेच कळत होते. पत्रे बहीण लिहीत असे. आम्हा भावंडांना कित्ता अण्णांनीच घालून दिलेला, त्यामुळे अक्षराचे वळण एकच. सही तेवढी त्यांनी हट्टाने स्वतः केली. "त्याला कळवायचे नाही. शिक्षण अर्धे टाकून येईल," अशी त्यांची सक्त ताकीद होती.

"आणि तुझे ते चष्म्याच्या नंबराचे वाक्य," बहीण मला एकीकडे म्हणाली, "मी वाचताना गाळले होते, दादा."

रात्री जेवणे झाल्यावर अण्णांनी ती पत्र्याची पेटी मागवली. सगळी कार्डे तीत होती. बहिणीने कात्रीने प्रत्येकाच्या कोपऱ्याला खुणा केल्या होत्या, बोटांना कळाव्यात म्हणून. एक खाच म्हणजे कोलोन, दोन खाचा व्हेनिस, तीन खाचा रोम, कोपरा तिरका कापलेला म्हणजे पॅरिस. तिने चित्रे सांगायचा प्रयत्न केला होता. पण शाळकरी पोर ती, 'मोठे देऊळ आहे, पुढे माणसे आहेत' यापलीकडे ती काय सांगणार? आणि माझ्या हातचा मजकूर म्हणाल तर 'बाकी चित्रात दिसेलच'! हे वाक्य तिने त्रेचाळीस वेळा वाचून दाखवले होते. अण्णा दर वेळी 'बरं' म्हणत.

त्यांनी एका खाचेचे कार्ड काढले. "हे कोलोन. सांग."

मी सुरुवात केली. देऊळ १२४८ साली बांधायला घेतले, पुरे झाले १८८० साली. मनोरे १५७ मीटर उंच. युद्धात शहर बेचिराख झाले, देवळावरही बाँब पडले, पण ते उभे राहिले. अण्णा म्हणाले, "ते पुस्तकात आहे. तू वर चढलास का? पायऱ्या किती?"

"पाचशे तेहतीस."

"मार्लेश्वराला चढताना छातीत धाप लागते तशी लागली का? भिंत हाताला कशी लागते? घंटा ऐकलीस?"

घंटा मी ऐकली होती. चोवीस टनांची ती घंटा मोठ्या सणालाच वाजते आणि नाताळात मी तिथे होतो. पण आवाज कसा होता? मला आठवेना. मी त्या वेळी छायाचित्र काढण्याच्या खटपटीत होतो. वेळ मारून नेण्यासाठी मी नदीकडे वळलो. "देवळाकडे पाठ करून उभे राहिले की समोर ऱ्हाईन, अण्णा. डावीकडून उजवीकडे संथ वाहत असते."

अण्णा गप्प झाले. मग बोटाने हवेत एक रेघ ओढून म्हणाले, "देऊळ पश्चिम तीरावर. तू पूर्वेकडे तोंड करून उभा. नदी दक्षिणेकडून उत्तरेला जाते. मग पाणी उजवीकडून डावीकडे जायला हवे, बाबा."

मी मान खाली घातली. ज्याने कोलोन पाहिले नव्हते आणि ज्याला आता काहीच दिसत नव्हते, तो माणूस मला कोलोन दाखवीत होता. आणि जो तिथे वीस वेळा जाऊन आला होता, त्याला पाणी कोठून कोठे वाहते हेसुद्धा सांगता येत नव्हते.

त्या उन्हाळ्यात रोज रात्री हा क्रम चालला. अण्णा एक कार्ड काढीत आणि विचारीत. व्हेनिसला रात्री काय ऐकू येते? मी आठवून आठवून सांगितले: चाकांचा आवाज नसतो, म्हणून माणसांची पावले ऐकू येतात, आणि पायरीवर पाणी आपटते ते आपल्या विहिरीत घागर बुडताना होते तसे. रोमच्या मोठ्या देवळात काय हाताला लागले? तिथे संत पीटरची ब्राँझची मूर्ती आहे. शतकानुशतके यात्रेकरूंनी हात लावून आणि ओठ टेकून तिच्या उजव्या पायाची बोटे झिजून गुळगुळीत झाली आहेत. हे सांगताच अण्णांचा चेहरा उजळला. "म्हणजे पंढरपूरच की रे! पाय धरल्याशिवाय माणसाचे समाधान होत नाही." हॉलंड, बेल्जियम आणि जर्मनीच्या सीमा मिळतात त्या फाल्सजवळच्या टेकडीचे कार्ड निघाले, तर त्यांनी विचारले, "तिथे नदी नाही, डोंगराचा कणा नाही. मग एका देशातून दुसऱ्यात गेलो हे पायाला कसे कळते?" मी म्हटले, "नाही कळत, अण्णा." त्यावर ते खूप वेळ हसत राहिले.

एक हकीकत मात्र मला धडपणे सांगता आली, आणि तिचे कार्डच नव्हते. १९६३च्या फेब्रुवारीत बोडनझे हे जर्मनी, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया यांच्या मधले प्रचंड सरोवर संपूर्ण गोठले. १८३० नंतर प्रथमच. माझ्या एका सहाध्यायाची आजी काठावरच्या हाग्नाऊ गावी राहत होती. सहामाही संपताच आम्ही तिथे गेलो. सकाळी बर्फावरून चालायला निघालो आणि धुके उतरले. आपल्याच हाताची बोटे दिसेनात. वाटेच्या खुणेसाठी बर्फात फांद्या रोवल्या होत्या. एका फांदीला हात लावायचा आणि दुसरी चाचपत पुढे जायचे. पायाखालून मधूनच एक खोल आवाज जाई, डफावर दूर कोणी थाप मारावी तसा. बर्फ ताणला जात होता. नाकाला कसलाच वास नाही, फक्त थंडीची धार. दोन तास मी आंधळ्यासारखा चाललो होतो. आणि म्हणून त्यातले सगळे मला आठवत होते.

अण्णा पुढे सरकून ऐकत होते. मी त्यांना त्या आजीने सांगितलेली गोष्ट सांगितली. सरोवर गोठले की एका तीराचे लोक संत योहानाची काष्ठमूर्ती मिरवणुकीने बर्फावरून पलीकडच्या तीरावर नेतात. १८३०मध्ये ती स्वित्झर्लंडातल्या म्यून्स्टरलिंगनहून हाग्नाऊला आली होती. आम्ही पोचलो त्याच्या थोडेच दिवस आधी, १२ फेब्रुवारीला, हजारो माणसांनी ती पुन्हा पलीकडे पोचती केली होती.

"आपली पालखीच!" अण्णा म्हणाले. मग थोडे थांबून, "परत कधी येणार?"

"पुन्हा सरोवर गोठेल तेव्हा."

"तोवर?"

"तोवर तिथेच."

"चांगले आहे," ते म्हणाले. "वाट पाहणारे दोन्ही तीरांवर असले म्हणजे झाले."

अण्णा १९७१ साली गेले. त्यांनी सांगितलेली नकाशावरची ती जादा रेघ १९८९मध्ये पुसली गेली. बोडनझे मात्र त्यानंतर आजवर संपूर्ण गोठलेले नाही आणि ती मूर्ती अजून पलीकडेच आहे. मीही पुढे कामानिमित्त तीन-चारदा युरोपात गेलो. कोलोनच्या देवळामागे नदीकाठी एक बाक आहे. तिथे डोळे मिटून बसलो की मला फार लवकर उठवत नसे.

काचबिंदू घराण्यातून उतरतो. माझ्या डोळ्यांत वीस वर्षे सकाळ-संध्याकाळ थेंब पडत आहेत. आमच्या वेळी हे वेळीच ध्यानात आले म्हणून बरेच काही वाचले. तरी कडा थोड्या धूसर झाल्या आहेतच. माझी नात गेल्या महिन्यात शिकायला गेली ती, योगायोग पाहा, आखेनलाच. ती रोज फोनवर वीस-वीस छायाचित्रे पाठवते. मी ती डोळ्यांशी धरून पाहतो. काही दिसतात, काही नुसते रंग.

परवा तिने कोलोनच्या देवळाचे छायाचित्र पाठवले. खाली एक शब्दही नव्हता. मी मोठ्या अक्षरांत उत्तर लिहून पाठवले, "देवळाकडे पाठ करून नदीकडे बघ. पाणी कोठून कोठे जाते?"

अर्धा तास काहीच आले नाही. मग फोन वाजला. पलीकडून वारा ऐकू येत होता, पुलावरून आगगाडी जात होती.

"उजवीकडून डावीकडे, आजोबा," ती म्हणाली. "पाणी मातकट आहे, थोडे फुगलेले आहे. आणि थांबा हं, आता घंटा वाजायला लागली आहे. ऐका."